मैनेचे ठोके

आमच्या घरात आधी घोडी जेवायची, मग माणसं. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हा नियम आईलाही कधी मोडता आला नाही. सकाळी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या फुगत असायच्या, सुक्या जवळ्याच्या चटणीचा वास पार बावखलापर्यंत, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्यापर्यंत पोचलेला असायचा, मी ताट पुढ्यात घेऊन बसलेली असायचे. पण मैनेचं टोपलं कुडावर आपटल्याचा आवाज आल्याखेरीज नाना भाकरीला हात लावत नसत. भिजवलेला हरभरा संपला की ती रिकामं टोपलं नाकाने ढकलायची, ते कुडावर आदळायचं आणि नाना आईला म्हणायचे, "हां, वाढ आता." आज गॅसवर भाकरी टाकतानाही माझा एक कान त्या आवाजाकडे असतो. नवरा म्हणतो, तू अजून घोडीची वाट बघतेस. बघते तर बघते.

आमचं गाव वसईजवळचं होळी. वाडीत केळी, पानवेली, थोडा भाजीपाला. नाना सैन्यात घोड्यांवर होते आणि पेन्शन घेऊन परत आले ते केळी लावायला, असं निदान त्यांनी आईला सांगितलं होतं. सहा महिन्यांत केळींच्या मागे कुडाचा तबेला उभा राहिला. त्यात राजा नावाचा एक शहाणा, पोक्त घोडा आला आणि एक गाभण घोडी आली. ती घोडी विताना गेली. मागे राहिलं ते ओलं, लटपटणारं, तांबूस शिंगरू माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजलं. मी तेव्हा पाचवीत होते. बाटलीने दूध पाजून मी ते वाढवलं, नाव मीच ठेवलं, मैना. पुढे तिला दात आले तशी मी तिला सुकेळी द्यायला लागले. आमच्या अंगणात मांडवावर राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातलेली असायची. आठवडाभराच्या उन्हाने ती मधासारखी गोड व्हायची. आईची नजर चुकवून रोज एखादी माझ्या खिशात जायची. मला नुसतं लांबून बघितलं तरी मैना हुंकारायची आणि जवळ गेलं की तिचं नाक सरळ माझ्या खिशात. मी कॉलेजात गेले तरी तो खिसा तसाच चिकट होता. आई म्हणायची, या पोरीच्या कपड्यांवर मुंग्या चढतात.

नानांकडे लोक यायला लागले ते लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीमुळे. मुंबईतल्या काही हौशी मंडळींनी त्या सुमारास ते वेड आपल्याकडे आणलं होतं. बऱ्याच जणांना वाटायचं, शर्यत म्हणजे घोडा उधळायचा. नाना त्यांना ओसरीवर बसवून चहा द्यायचे आणि सांगायचे की इथे धूम पळणारा पहिल्या थांब्यालाच बाद होतो. दिवसभर कित्येक मैल जायचं, मध्ये मध्ये थांबायचं, आणि प्रत्येक थांब्यावर जनावरांचा डॉक्टर घोड्याच्या छातीला नळी लावणार. दिलेल्या वेळात त्याच्या काळजाचे ठोके खाली उतरले पाहिजेत. नाही उतरले तर स्वार कितीही ताजातवाना असो, घोडा तिथेच थांबला. "तुमची परीक्षा नाय, त्याची हाये," नाना म्हणायचे. "तुम्ही फक्त त्याला नापास करू नका." हे ऐकून निम्मे लोक चहा संपवून जायचे ते परत यायचेच नाहीत.

जे परत यायचे त्यांना नाना पहिले दोन आठवडे घोड्यावर बसूच देत नसत. लगाम हातात धरून, घोड्याच्या बाजूने अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून पळायचं. "घोड्यावर बसायची घाई कोनाला? आधी वाळू पायाला काय करते ते तुझ्या पायांना कळू दे." मग कोळीवाड्याच्या कडेने, जिथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, तिथून घोडा न्यायचा. वाऱ्यावर हजारो बोंबील एकदम हलले की कसलाही घोडा बिचकतो, आणि घोडा बिचकला की स्वार कसा आहे ते कळतं. शेवटी खोगीर. आणि खोगिराखाली नानांची पानं. ही पानांची तऱ्हा मी दुसरीकडे कुठेच बघितली नाही. वाडीतल्या वेलीवरची विड्याची दोन ताजी पानं खुडून नाना ती घोड्याच्या पाठीवर, कण्याच्या दोन बाजूंना एकेक अशी ठेवायचे, वर कापड, वर खोगीर. फेरी मारून आलं की खोगीर उतरवायचे आणि पानं उन्हात धरून बघायचे. दोन्ही पानं सारखी कोमेजली असतील तर स्वार सरळ बसला. एक जास्त चुरगळलं असेल तर भार त्या बाजूला गेला, आणि दिवसभर असा भार गेला तर घोड्याची पाठ सोलवटणार. तिथे वादाला जागाच नव्हती. माझी पानं लहानपणापासून सारखी यायची. गावात कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे.

सायलीला आमच्या घरी मीच आणली. कॉलेजात ती माझ्या बाकावर बसायची. मूळची साताऱ्याकडची, वडील कंपनीत नोकरीला, चंदनसारला नवीन फ्लॅट घेतलेला. तिला सुकेळी माहीत नव्हती म्हणून एका रविवारी मी तिला खायला घरी घेऊन आले. तिने सुकेळी खाल्ली, तबेल्यात डोकावली, आणि नानांना म्हणाली, "काका, मला शिकवाल का? मी एकदम सिरीयसली विचारतेय." मला हसू आलं. म्हटलं, वाळूत दोन दिवस पळेल आणि घरी जाईल. पळाली की! दोन आठवडे पळाली. बोंबलांच्या मांडवाजवळ राजाने तिला पाडलं, तर वाळूत बसल्या बसल्या स्वतःच हसायला लागली आणि लगाम मात्र हातातून सोडला नव्हता. नानांनी ते बघितलं. घरी येताना म्हणाले, "पडली पन घोडा नाय सोडला." असं वाक्य त्यांनी माझ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं. मी कधी पडलेच नव्हते, तर म्हणतील कुठून? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण पडायला हवं होतं.

मग ते सुरूच झालं. सायली दर शनिवार-रविवार आमच्याकडे जेवायला. तिला माशाचे काटे काढता यायचे नाहीत, तर माझी आई, जी मला सहा वर्षांची असताना काटेरी बोई पुढ्यात टाकून "गिळ आता" म्हणाली होती, ती सायलीच्या ताटातल्या माशाचा एकेक काटा काढून द्यायची. थंडीत मडक्यात कंद-भाज्या उकडून उकडहंडी केली तर मडकं फोडल्यावर पहिली वाफ सायलीच्या तोंडावर. "पाहुनी हाय ती," आई म्हणायची. पाहुणी कसली, तिने आमच्या घरात आपला पाट ठरवून टाकला होता. नाना तिला सायली म्हणायचे आणि मला बाय. वसईत घरच्या मुलीला बाय म्हणतात, यात काही वाईट नाही, पण तेव्हा मला वाटायचं, नावाने हाक मारण्याइतकी ती मोठी झाली आणि मी राहिले अंगणातली बाय. मला तिचा हेवा वाटत होता असं म्हणणं फारच सभ्य झालं. माझा जळफळाट होत होता. ती आरशात बघून केस बांधायची तरी माझ्या पोटात दुखायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे तिची पानं. खोगिरावर बसून महिना झाला नसेल, नानांनी एका सकाळी तिची दोन पानं उन्हात धरली आणि धरूनच ठेवली. दोन्ही एकसारखी, जुळी. मग त्यांनी मला हाक मारली. मी त्या दिवशी मैनेवर होते आणि सायली माझ्या उजव्या हाताला राजावर. माझं डावं पान अख्खं होतं आणि उजव्याचा पार चोथा झालेला. "बाय," नाना म्हणाले, "तू उजवीकडं कधीपासून गळायला लागलीस?" मी म्हटलं, पान कोवळं असेल. नानांनी दोन्ही पानं माझ्या हातात ठेवली आणि ते मैनेकडे वळले. फेरी संपली की ते तिच्या पुढच्या डाव्या पायामागे छातीला तळहात लावून उभे राहायचे, डोळे घड्याळावर, ओठ हलत. मी बसलेल्या दिवशी ते तिथे बराच वेळ उभे राहायचे. सायली बसलेल्या दिवशी लगेच हात काढायचे. मला ते दिसत होतं आणि मी त्याचा अर्थही लावला होता. मुलीवर विश्वास नाही, दुसरं काय.

अर्नाळ्याहून निघायचं, राजोडी, कळंब, भुईगाव करत सुरूच्या बनापर्यंत आणि तसंच परत, अशी लांब पल्ल्याची एक स्वारी आमच्याच किनाऱ्यावर ठरली. वेळ ओहोटीची, कारण भरतीत ती कडक ओली वाळू मिळत नाही. इतका पल्ला झेपेल असा घोडा आमच्याकडे एकच होता. राजा आता म्हातारा झालेला. म्हणजे मैनेवर एकजण बसणार. मी गृहीतच धरलं होतं. नवीन पँटसुद्धा शिवून घेतली होती. आठवडाभर आधी जेवताना नाना म्हणाले, "मैनेवर सायली बसंल. बाय, तू पान्यावर." पाण्यावर म्हणजे थांब्यावर बादल्या घेऊन उभं राहायचं, घोडीला पाजायचं, अंगावर पाणी मारायचं.

"नाना, मैना माझी आहे."

"म्हनूनच," नाना म्हणाले आणि आईकडे भात मागितला.

म्हणूनच! आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड बघ, मिरची चावल्यागत." मी ताट सारून उठले. तबेल्यात जाऊन मैनेच्या मानेला मिठी मारून रडले, आणि ती माझ्या खिशात नाक खुपसून सुकेळी शोधत राहिली. आता मी स्वतः शनिवार-रविवारी नव्या स्वारांना शिकवते, टॉवरमधून येतात बिचारे, हेल्मेट विकत घेऊनच येतात. त्यांच्यापैकी कुणाला घोडा नाकारायचा झाला तर मी कारण सांगते, चांगलं पंधरा वाक्यांत सांगते. नानांसारखं एका शब्दात मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

स्वारीच्या दिवशी उजाडताना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर घोडेच घोडे. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या होत्या. एकीने मला विचारलं, "तू नाय बसत गो?" मी म्हटलं, "माझे पाय दुखतात." सायली मैनेवर सरळ बसली होती, केस घट्ट बांधलेले, आणि खरं सांगायचं तर छान दिसत होती. निघताना तिने मला हात केला. मी बादली उचलली.

नाना आणि मी भाजीच्या टेम्पोत पाण्याची पिंपं घालून भुईगावच्या थांब्यावर आलो. मैना आली ती घामाने काळपट झालेली, पण पाय मोकळे टाकत. मी धावलेच. सायली उतरायच्या आत मी लगाम घेतला, मानेवर पाणी ओतलं, ओल्या फडक्याने छाती पुसली, कपाळ चोळलं. सायली म्हणाली, "अगं, मी करते ना." मी म्हटलं, "तू दम खा." म्हणजे तू बाजूला हो. डॉक्टर आले, मुंबईचे, तरुण, नळी लावली, घड्याळ बघितलं, मान हलवली. "अजून वर आहेत. थोड्या वेळाने बघू." बाकीचे घोडे एकेक करून पास होत पुढे निघाले. डॉक्टर परत आले. ठोके तिथेच. सायलीचा चेहरा उतरला, आणि मला, काय सांगू, आत कुठेतरी बरं वाटलं. बघा, म्हटलं, हिच्या हातात घोडी दिली की काय होतं. नाना पुढे आले. त्यांनी मैनेच्या छातीला हात लावला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, तू लांब हो."

"मी? मी काय केलं?"

"तू जवळ आलीस की तिचे ठोके चढतात. जा, त्या टेम्पोमागे जा. वारा तिकडून येत नाय."

सगळ्यांच्या समोर. सायलीच्या समोर. मी टेम्पोमागे जाऊन उभी राहिले आणि चाकाला लाथ मारली. थोड्याच वेळात डॉक्टरांचा आवाज आला, "उतरले. जाऊ द्या." जिला मी बाटलीने दूध पाजलं तिचं काळीज माझ्याने बिघडतं, आणि ही कोण कुठली चंदनसारची पोरगी शेजारी उभी राहिली की शांत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं. ते यायला लागलं असतं तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर टेम्पोत नाना काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुपारी अर्नाळ्याला शेवटची तपासणी. पोचलं म्हणजे संपलं असं त्यात नसतं. शेवटी परत नळी लागते, ठोके उतरले तरच पल्ला पुरा झाला, नाहीतर सगळा दिवस फुकट. मैना लांबून दिसायला लागली तेव्हा मी शेवटच्या खुणेजवळ उभी होते, वाऱ्याच्या बरोबर वरच्या अंगाला. नाना पिंपांकडे गुंतले होते. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी फक्त तिथे उभी राहिले असते तरी मैनेचे ठोके चढले असते. बादली हातात, चेहरा भोळा. कुणी मला बोल लावला नसता, आणि सायली गेली असती चंदनसारला हात हलवत. मैना जवळ आली. तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, तोंडाशी फेस होता, आणि तरी पाऊल एकसारखं पडत होतं. इतकं चालून आली होती ती. सायली नाही, ती. मी बादली तिथेच ठेवली आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांमागे जाऊन बसले, पाठ करून. मला कानांनी सगळं कळत होतं. पाण्याचे हबके, नानांचं "हळू, हळू", मग बराच वेळ काहीच नाही, फक्त लाट, आणि मग टाळ्या. मैना पास झाली होती. तिचा पल्ला पुरा झाला होता, आणि त्यात माझा वाटा एवढाच की मी तिथे नव्हते.

"डॉक्टर, मिनिटभर नळी तिथंच ठेवा," नानांचा आवाज आला. "बाय, ये आता."

मी सुरूंमागून बाहेर आले. यायची इच्छा नव्हती, पण नानांनी हाक मारल्यावर न जाण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. मैनेने मान वळवली आणि हुंकारली. डॉक्टरांनी दचकून घड्याळ बघितलं. "अरे, हे काय? आता तर खाली होते." नानांनी त्यांच्या कानांतली नळी काढून माझ्या कानांत घातली. आत ढब ढब ढब असा आवाज येत होता, आणि मी एक पाऊल पुढे टाकलं तसा तो आणखी घाईत आला, कुणीतरी जिना उतरून धावत यावं तसा.

"भिते का ती मला?" मी विचारलं.

"कान बघ तिचे."

तिचे दोन्ही कान पुढे होते, माझ्याकडे. भ्यालेल्या घोड्याचे कान मागे जातात, हे मला सहावीत असल्यापासून माहीत होतं. मी बघितलंच नव्हतं.

"दोन महिने तू सायलीकडंच बघत बसलीस," नाना म्हणाले. "म्हनून तर उजवीकडं गळत होतीस. घोडीकडं बघितलं असतंस तर तुलाच कळलं असतं. तू पाठीवर असलीस की ही शांत होतच नाय. उतरशील कधी, खिशात हात घालशील कधी, हेच हिच्या डोक्यात. असं धावतं काळीज घेऊन लांबचा पल्ला होत नाय, बाय." त्यांनी नळी माझ्या कानांतून काढून डॉक्टरांना दिली आणि खोगीर उतरवायला वळले. खालची पानं त्यांनी न बघताच वाळूत टाकली.

मी मान वर केली तर समोर सायली. पल्ला पुरा केल्याची निळी फीत तिच्या हातात होती, आणि ती फितीकडे बघत नव्हती. ती मैनेचं नाक बघत होती, जे माझ्या खिशात गेलं होतं, आणि मग माझ्याकडे बघत होती. त्या नजरेशी माझी चांगलीच ओळख होती. दोन महिने ती मीच घरभर मिरवली होती. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवसातलं सगळ्यात मोठं बक्षीस मला तिथे मिळालं.

मी खिशातून सुकेळी काढली. चेपून चपटी झाली होती, वाळू लागली होती. मी ती फुंकली, पुसली.

"मी देऊ का तिला?" सायलीने हात पुढे केला.

"नको," मी म्हणाले, आणि मैनेपुढे तळहात उघडला.